बजेटमधला ४३ इंची टीव्ही, वर्षभर वापरल्यावर

टीव्ही घेतला म्हटलं की सगळे विचारतात किती इंची, फोर के आहे का, कितीला पडला. घरात तो सगळ्यात जास्त कोण बघणार आणि कुठे बसून बघणार हे सहसा कोणी विचारत नाही. वीस-पंचवीस हजारांच्या टीव्हीत माझ्या मते हाच प्रश्न पहिला यायला हवा, कारण या पैशात सगळं मिळत नाही, काहीतरी सोडावं लागतं, आणि काय सोडलं तर चालेल हे बघणाऱ्या माणसावरून ठरतं.

आम्ही मुलुंडला राहतो, वन बीएचके, हॉल १० बाय १४. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी लेक. दुपारपासून रात्री साडेनऊपर्यंत टीव्ही आईंचा म्हणजे सासूबाईंचा, मध्ये बाबांच्या बातम्या, मॅच असली की नवरा आणि बाबा दोघं, लेकीचं यूट्यूब, आणि सगळे झोपले की मी आवाज बारीक करून काहीतरी ओटीटीवर बघते. आई बसतात दाराजवळच्या खुर्चीत, कारण तिथे पंख्याचा वारा येतो आणि किचनमधला गॅसही दिसतो. म्हणजे घरात सगळ्यात जास्त टीव्ही बघणारं माणूस टीव्हीच्या एकदम कडेला बसतं. मुंबईतल्या बहुतेक हॉलमध्ये असंच असतं, एका भिंतीला दार, एका भिंतीला खिडकी, उरलेल्या जागेत दिवाण आणि कपाट, सोफ्याच्या बरोब्बर समोर टीव्ही हे फक्त शोरूममध्ये आणि जाहिरातीत.

ब्रँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. या किमतीतली मॉडेलं पटापट बदलतात, तुम्ही वाचून दुकानात जाल तोपर्यंत तेच नाव शेवटी एखादं अक्षर वाढवून आलेलं असतं आणि आतलं पॅनल म्हणजे चित्र दाखवणारा पडदा वेगळा असू शकतो. आणि खरं सांगायचं तर या रेंजमध्ये नावावर फार जाऊच नये. कोडॅक, थॉमसन, ब्लाउपुंक्ट ही नावं ऐकली की अमेरिका, फ्रान्स, जर्मनी डोळ्यांसमोर येते, पण भारतात या तिन्ही नावांचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही एकच भारतीय कंपनी लायसन्स घेऊन बनवत आलीय. डिक्सनसारखी कंपनी कितीतरी वेगवेगळ्या ब्रँडना टीव्ही बनवून देते. यात वाईट काहीच नाही, उलट म्हणूनच आपल्याला टीव्ही या भावात मिळतो. फक्त कोणी "मॅडम हा जर्मन आहे" असं सांगून दोन हजार जास्त मागितले तर देऊ नका, ते दोन हजार साउंडबारसाठी ठेवा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

साइजचं आधी उरकते. ४३ इंच म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं मोजलेलं माप, १०९ सेंटीमीटर. भिंतीवर तो साधारण ९५ सेंमी रुंद आणि ५४ सेंमी उंच जागा घेतो, कडा धरून थोडा जास्त. आधीचा ३२ इंची ७१ बाय ४० होता. आम्ही वर्तमानपत्राची पानं जोडून त्या मापाची कापून भिंतीवर चिकटवली आणि दोन दिवस तशीच ठेवली, तेव्हा लक्षात आलं की कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही, मग टीव्हीची जागा थोडी डावीकडे सरकवली. ५५ इंचीचा मोह नवऱ्याला होता, पण आमच्याकडे बसायचं अंतर सहा-सात फूट आणि दिवसातला बराच वेळ साधे एसडी म्हणजे एचडी नसलेले चॅनल चालणार, त्यात मोठा टीव्ही घेतला की चित्राचे दोषही मोठे दिसतात. ४३ बरोबर बसला.

आता दुकानातला भाग, यावर मी जास्त लिहिणार आहे कारण खरेदीत तोच निर्णायक असतो. दुकानात भिंतीवर पंचवीस टीव्ही एकसाथ चालू असतात आणि सगळ्यांवर कंपनीचा डेमो व्हिडिओ, मोर पिसारा फुलवतोय, समुद्रात मासे फिरतायत, रंग इतके भडक की कुठलाही टीव्ही भारीच वाटावा. तो व्हिडिओ खास फोर केमध्ये शूट केलेला असतो आणि टीव्ही स्टोअर मोडवर म्हणजे ब्राइटनेस फुल. घरी आपण मोर बघणार नसतो. मी सेल्समनला सांगितलं की एसडीवरचा कुठलाही मराठी चॅनल लावा, बातम्या लावा, आणि मला एक स्टूल द्या. स्टूल घेऊन टीव्हीच्या उजव्या बाजूला, आई घरी बसतात साधारण त्याच कोनात जाऊन बसले. तो म्हणाला, "ताई, समोरून बघा ना, तिकडून काय दिसणार?" म्हटलं, "आमच्या आई इथेच बसतात, मला इथूनच बघायचाय." मग त्यानेही मनापासून मदत केली, एकेक टीव्ही लावून दाखवला.

आणि फरक अक्षरशः डोळ्यांना दिसला. एका टीव्हीवर समोरून काळा रंग अगदी गडद, रात्रीचा सीन झकास, पण बाजूला गेलं की निवेदिकेचा चेहरा फिकट पांढुरका, लाल साडी गुलाबी. शेजारच्याच दुसऱ्या टीव्हीवर समोरून काळा रंग करडा वाटत होता पण बाजूने चेहरा आणि साडी जशीच्या तशी. हा पॅनलचा फरक आहे. पहिल्या प्रकाराला व्हीए म्हणतात, दुसऱ्याला आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट आयपीएसच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत समोर बसून सिनेमा बघणाऱ्याला व्हीए चांगला. चार माणसं चार कोपऱ्यांत बसणाऱ्या घराला आयपीएस चांगला. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं आणि सेल्समनलाही माहीत असेलच असं नाही, पण बाजूला जाऊन बसलात की तुमचं तुम्हालाच कळतं. आम्ही आयपीएससारखा दिसणारा घेतला. रात्री मी लाइट बंद करून बघते तेव्हा काळा रंग करडा दिसतो, हे खरं आहे, आणि मला ते चालतं, कारण मी दिवसातून तासभर बघते आणि आई सहा तास.

घरी बाबांना हे पॅनलचं सांगितलं तर ते म्हणाले की पूर्वी असं काही नव्हतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, तेव्हा ते चाळीत राहायचे, मजल्यावर एकाच घरात टीव्ही, आणि आत जागा नसायची म्हणून पोरं गॅलरीत, दारात, खिडकीच्या गजांना धरून बघायची, आणि कुठूनही बघा चित्र सारखंच. ते अगदी बरोबर आहे. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये काचेवरचा थर स्वतः चमकायचा त्यामुळे प्रकाश सगळीकडे सारखा जायचा. आताच्या एलईडी टीव्हीत मागे दिवे आणि पुढे एलसीडीचा पडदा, त्यामुळे तिरकं बघितलं की रंग हलतात. तंत्र नवीन झालं पण ही एक गोष्ट बजेट टीव्हीत मागे गेली, आणि आपल्याकडे टीव्ही अजूनही सगळं घर मिळून बघतं, म्हणून ती तपासायलाच हवी.

चित्राबद्दल. फोर के म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके. आपला साधा एसडी चॅनल ७२० बाय ५७६. गुणाकार करून बघा, टीव्हीचे ठिपके चॅनलच्या ठिपक्यांच्या बरोबर वीसपट येतात. म्हणजे चॅनलकडून एक ठिपका येतो आणि बाकीचे एकोणीस टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो, चार जणांच्या आमटीत पाणी घालून ती पंगतीला पुरवावी तसं. महाग टीव्हीत हे भरणारा प्रोसेसर चांगला असतो, स्वस्तात साधा. त्यामुळे "नवीन फोर के टीव्हीवर चॅनल जुन्यापेक्षा खराब दिसतात" ही जी तक्रार सगळीकडे ऐकू येते ती खरी आहे. आमच्याकडेही पहिल्या दिवशी तसंच झालं, आई म्हणाल्या, "अगं, हे सगळं पुसट दिसतंय, आधीचाच बरा होता." त्यावर जे जे केलं ते सांगते, यातल्या कशालाही विशेष पैसे लागत नाहीत.

आधी सेट टॉप बॉक्सची वायर बघा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जुनी वायर लावलेली असेल तर ती काढून एचडीएमआय लावा, केबलवाला किंवा डिशवाला बऱ्याचदा जुनीच वायर तशीच लावून जातो. साधी एचडीएमआय वायर दीड-दोनशेत मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर त्याहून कमीतही. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८०आय म्हणजे एचडीचं करा, कित्येकदा ते ५७६ वरच ठेवलेलं असतं. आईंच्या ज्या तीन-चार मालिका आहेत तेवढे चॅनल एचडीमध्ये घ्या, सगळं पॅकेज एचडी करायची गरज नाही, सुटे घेता येतात आणि महिन्याला थोडेच पैसे वाढतात. आणि टीव्हीत पिक्चर मोड विविड असतो तो काढून सिनेमा किंवा स्टँडर्ड करा, शार्पनेस बराच खाली आणा. शार्पनेस वाढवला की स्पष्ट दिसेल असं वाटतं पण एसडीवर त्याने माणसांच्या कडेला पांढरी रेघ येते आणि चेहऱ्यावर दाणे दिसतात. हलणारं चित्र गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग नावाचं काहीतरी असेल, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, ते मालिका-सिनेमाला बंद ठेवा, मॅचला हवं तर चालू करा. एवढं केल्यावर आईंची तक्रार थांबली.

जुन्या कार्यक्रमांचा एक वेगळाच त्रास असतो. सह्याद्रीवर किंवा यूट्यूबवर जुनी नाटकं, जुने मराठी सिनेमे लागतात ते ४:३ मापाचे, आणि आपला टीव्ही १६:९. टीव्ही किंवा बॉक्स ते चित्र ताणून पूर्ण पडदाभर करतो तेव्हा सगळं आडवं तेहतीस टक्के फुगतं, सडपातळ नटी जाडी दिसते, गाडीची चाकं लांबट होतात. बाबांना ते अजिबात खपत नाही, त्यांच्या तरुणपणीचे नट असे बेढब दिसायला नकोत म्हणून ते स्वतः मला सेटिंग बदलायला लावतात. बाजूला काळे पट्टे आले तरी चालतील, चित्र मूळ मापात बघावं, या मताची मीही आहे. इथे एक मेख आहे. टीव्हीत अॅस्पेक्ट रेशो बदलून उपयोग झाला नाही तर तो ताण सेट टॉप बॉक्स देतोय, मग बॉक्सच्या मेनूत जाऊन तिथे बदलावं लागतं. दोन्हीकडे बघा. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा ओव्हरस्कॅन बंद असा पर्याय असतो, तो केला की बातम्यांच्या खालची पट्टी कापली जात नाही.

एचडीआरचा म्हणजे उजळ आणि काळोख्या भागातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राचा स्टिकर खोक्यावर असतो त्याकडे लक्ष देऊ नका. एचडीआर सिग्नल हा टीव्ही घेतो, पण ते नीट दिसायला जो उजेड लागतो तो या किमतीतल्या पॅनलमध्ये नसतो, साधारण अडीचशे-तीनशे निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) एवढाच असतो. उजेडाचा दुसरा मुद्दा आपल्या खिडक्यांचा. आमची खिडकी पश्चिमेला, संध्याकाळी साडेपाच-सहाला ऊन थेट स्क्रीनवर येतं आणि ग्रिलच्या सावल्या मालिकेवर पडतात. स्क्रीन मॅट असली तरी फिकट दिसतंच. जाड पडदा लावला, तेवढंच सोपं. तुमच्याकडे जागा बदलता येत असेल तर टीव्ही खिडकीच्या बरोब्बर समोर लावूच नका.

आवाज. या टीव्हीचा सगळ्यात कच्चा भाग आवाज आहे हे मी स्पष्ट सांगते. दहा-दहा वॅटचे दोन स्पीकर, दोन्ही खालच्या बाजूला तोंड करून, टीव्ही भिंतीला लावला की आवाज खाली शोकेसवर आपटून येतो. त्यात आपल्या घरात पंखा पाचवर, खिडकी उघडी, खाली रिक्षा, कुकरची शिट्टी. संवाद समजत नाहीत म्हणून आई आवाज वाढवत जातात आणि मग मध्येच जाहिरात आली की सगळी बिल्डिंग ऐकते. डॉल्बीचं नाव खोक्यावर आहे, त्याने स्पीकर मोठे होत नाहीत. फुकटातला उपाय म्हणजे साउंड मोड न्यूज किंवा स्पीच करा, सराउंड बंद करा, बास कमी करा, माणसाचा आवाज बराच पुढे येतो. त्यावरही भागेना म्हणून आम्ही नंतर साधा साउंडबार घेतला, टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी लिहिलंय त्याच पोर्टला जोडायचा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो आणि आईंच्या हातात तिसरा रिमोट द्यावा लागत नाही. आता आवाज आधीपेक्षा कमी ठेवूनही शब्द कळतो. म्हणून टीव्हीचं बजेट ठरवतानाच तीन-चार हजार आवाजासाठी बाजूला काढा, फोर केच्या ऐवजी फुल एचडी घ्यावा लागला तरी चालेल. ज्या घरात वयस्कर माणसं आहेत तिथे तर हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

स्मार्ट भाग मधल्यामध्ये आहे, वाईटही नाही, ग्रेटही नाही. रॅम २ जीबी, स्टोरेज ८ जीबी, त्यातलं बरंच सिस्टिमच खाते. मेन स्विच बंद करून चालू केला तर पूर्ण जागा व्हायला पाऊण मिनिट तरी लागतं, स्टँडबायवरून लगेच. नको ती अॅप काढून टाकली आणि अधूनमधून रीस्टार्ट केला तर ठीक चालतो. घेताना वाइडवाइन एल१ (ओटीटीच्या व्हिडिओची कॉपी रोखणारी सोय) आहे ना एवढं विचारा, ते नसेल तर मोठ्या ओटीटीवर चित्र एसडीच्या वर जात नाही आणि मग फोर के पॅनल घेऊन काय उपयोग. वायफाय ड्युअल बँड घ्या. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात राउटर आहे, २.४ गिगाहर्ट्झवर इतकी गर्दी की रात्री नऊला चित्र गोल गोल फिरत बसतं, ५ वर टाकलं की थांबतं. राउटर शेजारीच असेल तर सरळ लॅन केबल लावा.

पण आईंसाठी सगळ्यात अवघड गेलं ते होम स्क्रीन. टीव्ही चालू केला की वीस पोस्टर समोर, त्यात चॅनल कुठे ते कळेना. एकदा त्या सबस्क्रिप्शनच्या पानावर अडकल्या आणि दुपारभर टीव्ही बंद करून बसल्या, ऑफिसमधून आल्यावर मला कळलं, फार वाईट वाटलं. सेटिंगमध्ये एक पर्याय सापडला, टीव्ही चालू झाला की शेवटचा इनपुट आपोआप लावायचा. तो चालू केला, आता बटण दाबलं की थेट सेट टॉप बॉक्स. आणि बॉक्सच्या रिमोटलाच टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज शिकवला, बऱ्याच डीटीएच कंपन्यांच्या रिमोटमध्ये ती सोय असते. आईंकडे आता एकच रिमोट. माझ्या दृष्टीने या टीव्हीतलं सगळ्यात मोलाचं फीचर हेच, आणि कुठल्याही जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं. दुकानात डेमो घेताना हा पर्याय आहे का ते नक्की बघा.

फिटिंग. डिलिव्हरी व्यवस्थित झाली, खोकं उभंच आणलं होतं. टीव्ही कधीही आडवा झोपवून आणू देऊ नका, रिक्षात तर मुळीच नाही, पॅनलवर वजन आलं की आतून चिरतं आणि ते वॉरंटीत बसत नाही. सामान ठेवून माणूस जायच्या आत खोकं उघडून टीव्ही चालू करून बघा, व्हिडिओ काढून ठेवा. मग कंपनीचा फिटिंगवाला दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला ब्रॅकेटचे नऊशे. बिलावर इन्स्टॉलेशन फ्री लिहिलेलं होतं, ब्रॅकेटबद्दल एक अक्षर नाही. मी ब्रॅकेट आधीच बाहेरून निम्म्या पैशांत आणून ठेवला होता, त्यावर तो जरा कुरकुरला पण लावून गेला. ब्रॅकेट आणताना टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर मोजून न्या, आमचं २०० बाय २०० मिलिमीटर होतं. आणि भिंत कसली आहे हे त्याला आधी सांगा. जुन्या बिल्डिंगची विटांची भिंत असेल तर साध्या गिट्ट्या चालतात. नवीन टॉवरमध्ये सिपोरेक्सचे ब्लॉक असतात, ते भुसभुशीत, तिथे लांब आणि त्याच कामाच्या गिट्ट्या लागतात. जिप्समचं पार्टिशन असेल तर मागे प्लायवुड टाकल्याशिवाय टीव्ही टांगूच नका. ड्रिल मारताना नुसती पांढरी पावडर पडत राहिली आणि बिट लोण्यासारखी आत गेली तर त्याला तिथेच थांबवा.

सर्व्हिसबद्दल थोडं कडवट लिहावं लागतंय. काही महिन्यांनी एक एचडीएमआय पोर्ट गेला, बॉक्स लावला की नो सिग्नल. आधी वाटलं पाऊस आहे, मुसळधार पावसात डिशचा सिग्नल जातोच, त्यात टीव्हीचा दोष नसतो. पण ऊन पडलं तरी तेच, दुसऱ्या पोर्टला लावला की चालू. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, आणि मग रोज उत्तर एकच, पार्ट आलेला नाही. मध्ये एकदा तर न येताच "कस्टमर घरी नव्हते" म्हणून तक्रार बंद केली, आणि आई-बाबा दिवसभर घरीच होते. एवढ्या कमी किमतीचा टीव्ही आहे म्हणून गप्प बसायचं कारण नाही, वॉरंटी आपण पैसे देऊनच घेतलेली असते. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवली, बिलाचा फोटो आणि तक्रार नंबर दिला. त्यानंतर कंपनीकडून स्वतःहून फोन आला आणि बोर्ड बदलून मिळाला. तेव्हापासून ठीक चालू आहे. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, थर्मल कागदावरची छपाई आपल्या दमट हवेत भराभर उडते. आणि घेण्याआधी त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर आपल्या बाजूला आहे का, की सगळ्या मुंबईला मिळून एकच कुठेतरी आहे, हे फोन करून विचारा.

शेजारच्या काकांचं वेगळंच. त्यांच्या टीव्हीचा आवाज यायचा पण स्क्रीन काळी. वॉरंटी संपलेली. आलेला माणूस म्हणाला पॅनल गेलं, आणि नवीन टीव्हीच्या जवळ जाईल एवढा खर्च सांगितला. नवऱ्याने खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला अगदी जवळून तिरका धरला, तर आत चित्र हलताना अंधूक दिसलं. म्हणजे पॅनल शाबूत, मागची एलईडीची पट्टी गेलेली. स्टेशनजवळच्या टीव्ही मेकॅनिकने पट्ट्या बदलल्या, दोन हजारांच्या आत काम झालं. स्वस्त टीव्हीत ही पट्टी जाणं फार कॉमन आहे, आणि सतत फुल ब्राइटनेसवर चालवला की लवकर जाते. म्हणून आमच्याकडे बॅकलाइट साठच्या वर नेत नाही, रात्री अजून कमी. चित्रही डोळ्यांना बरं वाटतं.

लाइट बिलाचं विचारतात म्हणून सांगते, ४३ इंची टीव्ही ८० वॅटच्या आसपास खातो, रोज सहा तास धरले तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट, म्हणजे एसीच्या मानाने काहीच नाही. स्टॅबिलायझर वेगळा घेऊ नका, आतला पॉवर सप्लाय बराच कमी-जास्त व्होल्टेज सहन करतो. पण पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते आणि झटक्यात येते, त्यासाठी चांगला स्पाइक गार्ड लावलाय. पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड, काचेचा स्प्रे थेट स्क्रीनवर मारायचा नाही, तो ओघळून खालच्या कडेतून आत शिरतो आणि मग स्क्रीनवर उभ्या रेघा येतात. दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कामाला येणाऱ्या मावशींनाही.

भावाचं म्हणाल तर आम्ही घेतला तेव्हा ३२ इंचांवरच्या टीव्हीला २८ टक्के जीएसटी होता, चोवीस हजारांच्या आत पडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झालाय, म्हणजे २० हजार मूळ किमतीचा टीव्ही आधी २५,६०० ला पडायचा तो आता २३,६०० ला. त्यामुळे दुकानदार "सेलमध्ये दोन हजार कमी केले" म्हणाला तर त्यातलं सेलचं किती आणि टॅक्सचं किती ते विचारा. एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारायला बघतात, त्यात पॅनल आणि बॅकलाइट लिहिलेलं असेल तरच घ्या.

पैसे वसूल झालेत असं मी म्हणेन, आई खूश आहेत, आणि तोच टीव्ही आज परत घ्यायचा झाला तर घेईन, फक्त साउंडबार पहिल्याच दिवशी घेईन. खोकं ठेवायला आपल्या घरांत जागा नसते हे मला माहीत आहे, पण निदान टीव्हीचे दोन पाय आणि त्यांचे स्क्रू एका पिशवीत घालून, वर नाव लिहून माळ्यावर ठेवा. आमच्याकडे बोर्ड बदलायला मेकॅनिक आला तेव्हा टीव्ही भिंतीवरून काढून त्या पायांवरच उभा करावा लागला, आणि भाड्याने राहत असाल तर घर बदलताना ते लागणारच, सुटे पाय नंतर बाजारात त्या मॉडेलचे मिळत नाहीत.